बी.एस्सी. फिजिक्स, सांगली: घरी हातभार कधी लावता येईल?

द्राक्षबाग_तासगाव

नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला. सांगलीत कॉलेजला आहे, एस.वाय. बी.एस्सी. झालं. आता टी.वाय.ला एक विषय धरायचा आहे आणि मला फिजिक्स धरायचंय. घरात मात्र रोज तोच विषय निघतो.

आमची दोन एकर बाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस हटला नाही, डाऊनी रोगानं निम्मे घड गेले, उरलेल्याचा बेदाणा केला. सोसायटीचं कर्ज तसंच आहे. वडील चिडून बोलले नाहीत, जेवताना शांतपणे म्हणाले, "टी.वाय. धरून अजून दोन वर्षं मी ओढतो. तिसऱ्या वर्षी तुझा हातभार पाहिजे." त्यांचं बरोबरच आहे. म्हणून इथं विचारतोय.

फिजिक्सच का, तेही सांगतो. ग्रेटिंगच्या (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची काच) प्रॅक्टिकलला सोडियमच्या दिव्याची पिवळी रेघ दिसली की सगळे रीडिंग घेऊन मोकळे होतात. मी दुसऱ्या ऑर्डरपर्यंत, म्हणजे रेघा जास्त फाकतात तिथपर्यंत, दुर्बीण फिरवली, स्लिट (उजेडाची फट) जमेल तितकी बारीक केली आणि रेघ फाटली. दोन झाल्या. ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर हे पुस्तकात पाठ होतं, पण त्या दोन रेघांच्या मधला काळा पट्टा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही.

पुढं एम.एस्सी. करावी का? की टी.वाय. झाल्यावर लगेच बी.एड.? पुण्यातल्या एका क्लासवाल्यांचा फोन येतोय, डेटा सायन्सचा कोर्स, फी दीड लाख, "नोकरी नक्की" म्हणतात. कुणी या वाटेनं गेलेलं असेल तर खरं काय ते सांगा.

स्पेक्ट्रोवाला_कुपवाड

भावा, तुझ्या दोन रेघा वाचल्या आणि जेवणाच्या सुट्टीतच लिहायला बसलो. मी रोज रेघाच बघतो.

बी.एस्सी. फिजिक्स, पुढं शिकलो नाही. कुपवाड एम.आय.डी.सी.त फाउंड्रीत स्पेक्ट्रो लॅबला आहे. भट्टीतलं लोखंड साच्यात ओतायच्या आधी त्यात कार्बन किती, सिलिकॉन किती, मँगनीज किती ते सांगायचं काम माझं. भट्टीवाला चमच्यानं लोखंड काढून तांब्याच्या साच्यात ओततो, नाण्यासारखी चकती होते. ती घासून स्टँडवर ठेवायची आणि स्पार्क मारायचा. स्पार्कच्या उजेडात प्रत्येक मूलद्रव्याची रेघ वेगळी, रेघ जितकी ठळक तितकं ते जास्त. अर्ध्या मिनिटात आकडे येतात आणि तोवर भट्टी माझ्यासाठी थांबलेली असते.

साचा तांब्याचाच का, हे मला पहिले सहा महिने कुणी सांगितलं नव्हतं. चकती झटक्यात थंड झाली पाहिजे. सावकाश थंड झाली तर कार्बन ग्रॅफाइट होऊन वेगळा पडतो आणि रीडिंग चुकतं. आणि स्पार्क आरगॉन वायूतच मारायचा, कारण कार्बन, फॉस्फरस, गंधक यांच्या रेघा अतिनील भागात येतात, त्या हवाच खाऊन टाकते. हे कळल्यापासून आरगॉनचं सिलिंडर संपत आलं की आकडा कुठं सरकतो ते मी आधीच सांगतो. त्याच्यावरच मला पगारवाढ मिळाली.

सुरुवात १२,५०० वर, आज सात वर्षांनी ३१,०००. जाहिरातीत 'फिजिक्स' असा शब्द मिळणार नाही. 'क्वालिटी', 'लॅब', 'कॅलिब्रेशन' असं लिहिलेलं असतं आणि बहुतेक ठिकाणी केमिस्ट्रीवाल्यांना किंवा मेटलर्जीच्या डिप्लोमावाल्यांना आधी बोलावतात. आपण जाऊन बसायचं आणि व्हर्नियर हातात घेऊन दाखवायचं. घरी दोन वर्षांत पैसा पाहिजेच असेल तर ही वाट आहे. पण तुला झेपत असेल तर एम.एस्सी. कर. मी केली नाही, ते अजून सलतं.

मिरजेची_ताई

तू कुठल्या कॉलेजात आहेस माहीत नाही, मी विलिंग्डनची. वडील मिरजेत शिंपीकाम करायचे. "फिजिक्स करून पुढं काय?" हे मीही रोज ऐकलंय. आज मी मिरजेतच एका कॅन्सर रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट आहे. असं काही पद असतं हेच मला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. तुला आत्ताच माहीत व्हावं म्हणून सविस्तर लिहिते.

मिरजेला लोक दवाखान्यासाठी येतात, विजापूर-बेळगावपासून येतात, हे तुला सांगायला नको. त्यातल्या कॅन्सरच्या पेशंटपैकी बऱ्याच जणांना रेडिएशन द्यावं लागतं. ते देणाऱ्या मशीनला लिनॅक म्हणतात. इलेक्ट्रॉन पळवायचे, टंगस्टनवर आदळायचे, त्यातून एक्स-रे निघतात. कुणाला किती मात्रा आणि किती दिवस, हे डॉक्टर ठरवतात. पण मशीन खरोखर तेवढीच मात्रा देतंय का, हे मोजायचं काम फिजिक्सवाल्याचं. घशाच्या पेशंटला रोज २ ग्रे (मात्रेचं एकक) असे ३०-३५ दिवस देतात. रोजचा २ हा २ च असला पाहिजे.

रोज सकाळी पहिला पेशंट आत घ्यायच्या आधी मी टेबलावर पाण्याच्या घनतेच्या प्लास्टिकच्या पाट्या रचते. त्यांच्या खाचेत आयन चेंबर घालते. बोटाच्या पेराएवढं असतं, आतली हवेची पोकळी ०.६ घन सेंटीमीटर. रेडिएशन त्या हवेत आयन तयार करतं, त्यांचा विद्युतभार इलेक्ट्रोमीटरवर वाचायचा आणि त्यावरून मात्रा काढायची. आता विचार कर. पोकळीतली हवा विरळ असेल तर आयन कमी होणार, म्हणजे मशीन तेवढंच देत असताना रीडिंग कमी येणार. म्हणून तापमान आणि हवेचा दाब मोजून दुरुस्ती लावायची असते. आधार २० अंश सेल्सिअस आणि १०१३ हेक्टोपास्कल. एफ.वाय.ला आपण जो पी.व्ही. बरोबर एन.आर.टी. हा वायूंचा नियम घोकतो तो मी रोज सकाळी पावणेआठला वापरते.

इंटर्न असतानाची गोष्ट सांगते. विभागातला बॅरोमीटर बिघडला होता. मी मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये दाब बघितला, १०१० होता, तो घातला. मशीन सहा-साडेसहा टक्के कमी देतंय असं उत्तर आलं. रोजच्या तपासणीत तीन टक्क्यांच्या वर फरक चालत नाही. मी घाबरून सरांना म्हणाले, आउटपुट वाढवावं लागेल. सरांनी कागद बघितला आणि एवढंच विचारलं, "तू मिरजेत उभी आहेस की रत्नागिरीत?"

ॲपवर दिसतो तो दाब समुद्रसपाटीला आणलेला असतो. मिरज साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, इथं खरा दाब साडेनऊशेच्या आसपास असतो. मशीन बरोबर होतं, चूक माझ्या आकड्यात होती. त्या आकड्यावर विश्वासून मशीन वाढवलं असतं तर बाहेर बाकावर बसलेल्या प्रत्येक माणसाला सहा-साडेसहा टक्के जास्त मात्रा गेली असती आणि कुणाला दिसलंही नसतं. त्या दिवशी बाकावर मालगावचे एक आजोबा बसले होते, घोंगडी पांघरून. ते अजून डोळ्यांसमोर आहेत.

म्हणून मला तुझ्या प्रश्नातलं स्लिट बारीक करणं फार महत्त्वाचं वाटतं. आलेलं रीडिंग सगळे लिहून मोकळे होत असताना तू ते परत बघितलंस. फिजिक्सवाल्याला जिथं जिथं पगार मिळतो तिथं तो याच गोष्टीचा मिळतो. वरच्या कुपवाडच्या दादांचंही तेच आहे.

आता वाट. फिजिक्समध्ये एम.एस्सी. चांगल्या मार्कांनी करायची, साठ टक्क्यांच्या खाली येऊ द्यायचं नाही. मग रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात तो होतो, प्रवेशपरीक्षा असते, जागा मोजक्या असतात आणि शिकताना विद्यावेतन मिळतं. त्यानंतर रुग्णालयात एक वर्ष इंटर्नशिप. अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियमच आहे की पात्र मेडिकल फिजिसिस्ट असल्याशिवाय रेडिएशन थेरपीचं मशीन चालवता येत नाही, त्यामुळं नवीन मशीन बसलं की माणूस लागतोच. माझा पहिला पगार ३८,००० होता.

एम.एस्सी. कोल्हापूरला विद्यापीठात कर, थिन फिल्मचं (अतिशय पातळ थरांचं) काम तिथं जुनं आणि चांगलं आहे. कमवा आणि शिका योजनेत मी दोन वर्षं काम केलं, मेसचा खर्च निघायचा. शिवाय टी.वाय.ला असतानाच आय.आय.टी.ची जॅम, म्हणजे एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा, दे. ती फेब्रुवारीत होते, फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरला निघतात. तासगावच्या पोरानं मुंबई आय.आय.टी.त एम.एस्सी. केली तर त्यात नवल काही नाही, पण फॉर्मच भरला नाही तर कसं व्हायचं? आमच्या वर्गात चौघांनीच भरला होता.

दीड लाखाच्या क्लासला जाऊ नकोस. पायथन फुकट शिकता येतं, एन.पी.टी.ई.एल.वर आय.आय.टी.चे प्राध्यापकच शिकवतात. 'नोकरी नक्की' हे कुठं लिहून देतात का, ते त्यांना विचार.

तासिका_तत्त्व

ताईंनी लिहिलेलं सगळं मान्य. एक बाजू राहिली ती मांडतो.

एम.एस्सी. झाल्यावर बरेच जण 'प्राध्यापक होऊ' म्हणून थांबतात. मी थांबलो. प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा दिल्या, सेट झालो, नेटही झालो. नऊ वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतोय. तासाचे पैसे मिळतात, तेही उशिरा. मे महिन्यात तास नाहीत म्हणजे पैसे नाहीत. ऑप्टिक्स शिकवताना आजही मला आनंद होतो, मुलं पुढच्या बाकावर येऊन बसतात, पण लग्नाच्या बोलणीत मुलीच्या वडिलांनी 'पर्मनंट आहात का' विचारलं की माझ्याकडं उत्तर नसतं.

शिकवायची ओढ असेल तर जे.आर.एफ., म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, काढ. नेटला नुसतं पास होणं वेगळं आणि जे.आर.एफ. वेगळी. १ जानेवारी २०२३ पासून ती महिना ३७,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. संशोधन करताना घरी पैसे पाठवता येतात. ती मिळाली नाही तर कुठल्या वयापर्यंत थांबायचं ते ठरवून तिथं काट मार आणि त्या दिवशी दुसरी वाट धर. मी ती काट मारली नाही.

वजनकाटा

बाळ, मी सेवानिवृत्त आहे. वजनमापे खात्यात होतो. आता त्याला वैध मापन शास्त्र म्हणतात. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात, एका पोत्यामागं अर्धा किलो इकडंतिकडं झालं तर शेतकऱ्याचं वर्षाचं किती जातं, हे तुझ्या वडिलांना विचार. साखर कारखान्याचा वाहनकाटा, पेट्रोल पंपाचं पाच लिटरचं माप, सोनाराचा तराजू, हे सगळं तपासून शिक्का मारणारा माणूस म्हणजे निरीक्षक.

त्या पदाला विज्ञान पदवी चालते आणि तीत फिजिक्स विषय असावा लागतो, हे नियमातच आहे. पद लोकसेवा आयोगामार्फत भरतात. अनुभवाच्या अटी जाहिरातीत नीट वाचाव्यात. जागा दरवर्षी निघत नाहीत, म्हणून एवढ्या एकावर बसून राहू नये. हवामान खात्यातही सायंटिफिक असिस्टंटची भरती स्टाफ सिलेक्शनकडून होते, २०२२ ला झाली होती, तिथंही बी.एस्सी.ला फिजिक्स लागतं.

मला मुलाखतीत विचारलं होतं, दिल्लीत बरोबर केलेला इलेक्ट्रॉनिक काटा कन्याकुमारीत बरोबर राहील का. राहत नाही, कारण 'जी', म्हणजे गुरुत्वाकर्षणाची ओढ, जागेनुसार बदलते, म्हणून काटा जागेवरच तपासावा लागतो. तेवढ्या एका उत्तरावर समोरचे साहेब पुढं सरकून बसले.

पाटणकर

सातारा जिल्ह्यातून एक भर. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, आमच्या आजीचं घर त्यात गेलं. धरणाचं पाणी आणि भूकंप यांचा संबंध शोधायला आता कराडजवळ हजारमाचीत केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, कोयनेच्या भागात तीन किलोमीटर खोल भोक पाडून खडक काढलेत. फिजिक्स करून जिओफिजिक्सला (पृथ्वीच्या पोटाचं फिजिक्स) जाता येतं हे कुणी सांगत नाही. मी गेलो. वेव्ह इक्वेशन (लाटांचं समीकरण) नीट येत असेल तर निम्मं काम झालंय समज.

द्राक्षबाग_तासगाव

ताई, दादा, काका, सगळ्यांचे आभार. रात्री वडिलांना सगळं वाचून दाखवलं. हळदीच्या काट्याचं ऐकून ते म्हणाले, "ह्यो माणूस खरं बोलतोय."

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ताई, तुमची वाट धरली तर टी.वाय.नंतर चार वर्षं होतात, आमच्याकडं तितकी नाहीत. आणि आईनं 'रेडिएशन' शब्द ऐकला आणि ती नकोच म्हणाली. तिला वाटतं रोज त्या खोलीत उभं राहायचं म्हणजे माझं काही खरं नाही.

मिरजेची_ताई

आईचं आधी. माझ्या आईनंही हेच म्हटलं होतं, आणि मी तिला रुग्णालयात नेऊन दाखवलं. मशीन चालू असताना आत पेशंट एकटा असतो. आम्ही बाहेर असतो आणि मध्ये काँक्रीटची भिंत, जिथं थेट किरण पडतात तिथं दोन मीटरहून जाड. दार उघडलं की मशीन आपोआप बंद होतं. बंद झालं की आत काही उरत नाही, दिवा मालवल्यावर उजेड उरत नाही तसंच. प्रत्येकाच्या छातीवर अंगावर आलेलं रेडिएशन मोजणारा टी.एल.डी. बॅज असतो, तो तीन महिन्यांनी वाचायला जातो. कायद्यानं आम्हाला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. माझा बॅज आजवर त्याच्या जवळपासही गेलेला नाही. आईला घेऊन ये असं मी इथं नाव-पत्ता देऊन सांगू शकत नाही, पण जवळच्या कुठल्याही रेडिएशन विभागात जाऊन फिजिसिस्टला भेटायचंय म्हण. आम्हाला कुणी भेटायला येत नाही, त्यामुळं आम्ही वेळ काढतो.

आता चार वर्षांचं. खोटं सांगत नाही, लागतात. पण चारही वर्षं घरून पैसे लागतात असं नाही. एम.एस्सी.ची दोन जड जातात. डिप्लोमाच्या वर्षाला विद्यावेतन असतं, इंटर्नशिपला बऱ्याच ठिकाणी थोडे पैसे देतात. मी एम.एस्सी.ला असताना शनिवार-रविवार बारावीच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या, कोल्हापुरात राजारामपुरीत. घरी पाठवायला उरत नव्हतं, पण घरून मागायची वेळ आली नाही. वडिलांशी बोलताना 'हातभार' आणि 'भार न टाकणं' या दोन गोष्टी वेगळ्या करून बोल. तिसऱ्या वर्षी पहिली जमणार नाही, दुसरी जमेल. आणि जॅम किंवा विद्यापीठाचा प्रवेश हुकला तर कुपवाडच्या दादांची वाट तिथंच आहे, वर्षभर काम कर आणि परत परीक्षा दे. एका वर्षानं फिजिक्स विसरत नाही.

स्पेक्ट्रोवाला_कुपवाड

वर्षभरासाठी यायचं झालं तर इथं मेसेज टाक. आमच्या लाइनीत दोन-तीन ठिकाणी लॅबला माणूस कायम पाहिजे असतो.

द्राक्षबाग_तासगाव

पंधरा दिवसांनी लिहितोय. टी.वाय.ला फिजिक्स धरलं. वडील फॉर्मवर सही करताना "चार म्हणजे चारच" एवढंच म्हणाले.

ताई, तुमचं साडेनऊशे डोक्यातून जाईना. आमच्या लॅबच्या कोपऱ्यात भिंतीवर फॉर्टिनचा, म्हणजे पाऱ्याचा, बॅरोमीटर आहे, मी दोन वर्षं त्याच्याखाली दप्तर ठेवत आलो आणि कधी वाचला नाही. काल लॅब असिस्टंट मामांना विचारून काच पुसली. खालचा स्क्रू फिरवत पाऱ्याची पातळी वर आणली, हस्तिदंती टोक आणि पाऱ्यातलं त्याचं प्रतिबिंब टेकेपर्यंत. मग वर व्हर्नियर लावला. पुस्तकात ७६ सेंटीमीटर, इथं ७१.२ आला. तीनदा घेतला, तीनदा ७१.२. हिशोब केला तर ९४९ हेक्टोपास्कल होतात. खोलीचं तापमान २७ होतं.

मिरजेची_ताई

फार छान. पण पारा २७ अंशांना फुगलेला असतो, त्यामुळं स्तंभ खऱ्यापेक्षा उंच दिसतो. ती दुरुस्ती लावलीस का? साधारण साडेतीन मिलिमीटर वजा जातील. पितळी पट्टीही थोडी वाढते, तीही धर. करून आकडा परत टाक, मी उद्या सकाळच्या माझ्या रीडिंगशी लावून बघते.